तापाचा तक्ता

पश्चात्ताप या शब्दात ताप आहे
हे मला फार उशिरा दिसलं.
सदतीस वर्षं मी ताप मोजला,
काखेत, जिभेखाली,
झटकून, पुसून, स्पिरिटमध्ये बुडवून.
एक रात्र सोडून.

त्या रात्री वॉर्डात चौतीस मुलं आणि आम्ही दोघी.
दोनचा ठिपका, सहाचा ठिपका
मी टेबलापाशी बसूनच दिला,
अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
आणि पट्टीने रेघ ओढली. सरळ आली.
सात नंबरचं पोर त्या रेघेखाली
एकशे चारने फणफणत होतं.
वाचलं ते. डावा कान गेला.

सकाळी मेट्रनबाईंनी तक्ता समोर धरला.
सही नव्हती.
"सात नंबर रणनवरेकडे होता," मी म्हणाले.
चार शब्द.
शलोमी रणनवरे बघत राहिली नुसती,
तिच्या हातात दुधाची किटली होती.

मग दर रविवारी, क्वार्टर गेटजवळच्या आमच्या चर्चमध्ये
पापांगीकाराला मी गुडघे टेकले.
सगळी मंडळी एका सुरात आम्ही, आम्ही म्हणते.
'आम्ही' ही फार मोठी सोलापुरी चादर आहे,
तिच्याखाली कोणते पाय कोणाचे, कळत नाही.
रडलेही मी. रडायला मला नेहमीच आलं.
देवाने क्षमा केली, असं पाळकसाहेब सांगत,
आणि मी घरी येऊन मटण शिजत टाकी.

यंदा उपवासकाळात नवे पाळक आले,
माझ्या धाकट्याहून लहान.
उपदेशाचा कागद कुठेतरी राहिला असावा,
अडखळले. म्हणाले, "मागे फिरणं म्हणजे...
म्हणजे बस चुकीची असेल तर उतरावं लागतं.
खिडकीशी बसून वाईट वाटून घेतलं
म्हणून बस वळत नाही."
लोक हसले.

मंगळवारी मी दापोडीची बस धरली.
हॅरिस पुलावर अर्धा तास खोळंबली ती.
लपवत नाही,
दार उघडंच होतं, उतरून परत जाता आलं असतं.

शलोमीचे गुडघे गेलेत, कडी काढायला वेळ लागला.
"पाथरे," म्हणाली,
ड्यूटीवर म्हणायची तसं, नुसतं आडनाव.
मी पाठ करून नेलेली वाक्यं होती.
एकही आठवेना.
"सात नंबर माझ्याकडे होता," मी म्हणाले.

ती मेथी निवडत राहिली. अख्खी जुडी संपली.
"अकरा वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या," म्हणाली,
"सर्टिफिकेट नव्हतं ना हातात."
मग, देठं गोळा करता करता,
"त्या पोराचं पुढे काय झालं गं?"

मला माहीत नव्हतं.
मी कधी शोधलंच नव्हतं.
म्हणजे अजून एक बस बदलायची होती.

क्षमेचं ती काही बोलली नाही. मी मागितली नाही;
तिच्याकडून पुन्हा काहीतरी घेणंच झालं असतं ते.
"लेखी दे," म्हणाली.
नातवाच्या गणिताच्या वहीतलं पान फाडून दिलं,
चौकटी-चौकटीचं, थेट तक्त्यासारखं.
मी लिहिलं. तारीख घातली.
वेळ घातली, दुपारी चार वीस.
खाली सही, पूर्ण नाव, इंदुमती योहान पाथरे.
तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.
"वॉर्ड राहिला," म्हणाली.
वॉर्ड घातला.
कागद रेशनकार्डाच्या पिशवीत गेला.
चहा झाला नाही. दारात म्हणाली,
"पुढच्या वेळी आधी फोन कर."

परतीच्या बसमध्ये अंगात कणकण होती.
घरी आल्यावर थर्मामीटर झटकला, लावला,
घड्याळ बघून पुरता वेळ ठेवला.
शंभर पॉइंट दोन.
कॅलेंडरवर, आजच्या घरात,
जसा होता तसा लिहून ठेवला.